ट म्हणा, ट म्हणू नका

माझी नात म्हणते, "आजी, त्या बाईचा तुला इतका राग कामून? आपलं घर सोडून किती दिवस झाले तिला." मी म्हणते, राग आहे म्हणून तर ध्यानात आहे. ज्यांच्यावर माया केली त्यांच्यातल्या निम्म्यांची नावं आता मला आठवत नाहीत. सुवर्णाचं सगळं आठवतं. टाचा घासत चालायची तिची तऱ्हा, कपाळावरचं विभूतीचं पुसट बोट, समोरच्याचं बोलणं मध्येच तोडून "पुढं?" म्हणायची खोड. आणि तिच्या तोंडात नसलेला ठ.

ठच कशाला, ख, घ, ध, भ यांतलं एकही अक्षर तिच्याकडे नव्हतं. सीमेवरच्या चिटगुप्प्याची बाई. घरात कन्नड, बाजारात मराठी. मराठी फाडफाड बोलायची, पण जोराचं अक्षर आलं की त्यातला वारा काढून घ्यायची. भाकरीची बाकरी, घराचं गर, खोट्याचं कोटं. मी जन्मभर मराठी शाळेत शिकवलं. असली पोरं मी बाकावर उभी करून सुधारली होती. हिला कुठं उभं करणार? ही आधीच उभी असायची. जेवतानासुद्धा. खिडकीच्या कट्ट्यावर ताट ठेवायचं, ताटाला फोन टेकवायचा आणि उभ्यानं खायचं.

आळंदला आमच्या घरी ती वरची खोली बघायला आली तेव्हा मी नुकतीच रिटायर झाले होते, आणि आपण फार मोठ्या बाई आहोत असा माझा समज होता. केसांना काळाकुळीत कलप, घरातल्या घरात इस्त्रीची साडी, आणि बोलणं असं की समोर सारखा भरलेला वर्ग बसलाय. आज त्या बाईचा फोटो बघितला की मला हसू येतं. म्हणजे माझा. सुवर्णानं दारावरचा पंचशील झेंडा बघितला, आतली बुद्धमूर्ती बघितली, आणि म्हणाली, "मला काय फरक पडत न्हाई टीचर. नेट चांगलं पायजे." कुणी न विचारता असं सांगितलं की सावध व्हावं, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. मी उलट गल्लीभर सांगत सुटले, बंगळूरची इंजिनेर माझ्या माडीवर राहायला आली म्हणून.

ती बंगळूरची नोकरी आणि बंगळूरचा नवरा, दोन्ही सोडून आली होती. आता तिला ॲप बनवायचं होतं. अनोळखी माणसांनी आपापल्या घरात ताट वाढून घ्यायचं, फोन समोर ठेवायचा आणि व्हिडिओवर एकमेकांसोबत जेवायचं. ॲपनंच जोडी लावून द्यायची. नाव विचारायचं, आडनाव विचारायचं नाही. "जेवायला तोंड लागतं टीचर, आडनाव न्हाई," असं ती म्हणायची, आणि हे दुसऱ्या कुणी म्हटलं तर "माझं वाक्य हाय ते" म्हणून भांडायची. कॅमेऱ्यात आधी फक्त ताट दिसणार. दोघांची ताटं समोर आली की मगच तोंडं दिसणार.

मी म्हटलं, "अगं, आमच्याकडं ताट बघूनच आडनाव कळतंय."

"म्हणून तर दावायचंय," ती म्हणाली. "पुढं?"

पुढं काय, कप्पाळ.

तिची आणखी एक खात्री होती. माणूस पहिल्या घासाला खोटं बोलतं, दुसऱ्याला गप बसतं आणि तिसऱ्या घासाला खरं बोलतं. ती म्हणायची "तिसऱ्या गासाला करं बोलतंय." ॲप नीट चाललं की नाही हे तिला तिसऱ्या घासावरून कळायचं. पारखायला माणूस लागतं, म्हणून तिनं मला धरलं. मला काय, इस्त्रीची साडी होतीच.

तर रात्रीचं आमचं जेवण असं चालायचं. मी खाली स्वयंपाकघरात, ती वर खिडकीशी, आणि मध्ये छत. एका घरात आम्ही दोघी बाया फोनवरून सोबत जेवायचो. ती वर खोकली की खोकला आधी छतातून यायचा, मग फोनमधून. मी म्हणायची, "ऐकू आलं गं, एकदाच खोक." ती म्हणायची, "टीचर, टेस्टिंग चालू हाय, फालतू बोलू नका." पण तिसऱ्या घासाला ती बोलायचीच. तसंच एका रात्री बोलली. तिच्या भावानं, शिवराजअण्णानं, तिला जत्रेपर्यंतची मुदत दिली होती. जत्रेत चार माणसांसमोर ॲप चालवून दाखवलं तर आळंदला राहा. नाही तर गुमान चिटगुप्प्याला घरी चल.

"मग जा की," मी म्हटलं. "भावाचंच घर हाय."

ती म्हणाली, "त्या गरात नवरा सोडलेल्या बाईनं समद्यांचं झाल्यावर जेवायचं असतंय. मागच्या पडवीत. उरलं ते." आणि लगेच, "आवाज तुटायलाय का टीचर? चित्र अडकायलंय का?"

चित्र अडकलं नव्हतं. मला तेवढ्यापुरता तिचा कळवळा आला, आणि तो माझा वेडेपणा. कळवळ्याच्या भरात मी तिला रोज दुपारी ताट वर पाठवायला लागले. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, पुंडीची आंबट भाजी, शेंगाची चटणी. ती खात नाही म्हणून घरात मटण शिजलं त्या दिवशी तिच्यासाठी वेगळी कढई. ताट लख्ख धुऊन परत यायचं, रिकामं नाही, वर कधी दोन लिंबं, कधी गुळाचा खडा. मी गल्लीत सांगायची, "माझ्या हाताला अशी चटावली बघा, ताट चाटूनपुसून खायलीय." शेजारच्या महादेवी अक्का गप्प ऐकून घ्यायच्या. मला वाटायचं जळायल्यात.

मग एके दिवशी गल्लीतली एक गाय बरोबर दुपारच्या जेवायच्या वेळेला आमच्या जिन्याखाली येऊन उभी राहायला लागली. हाकलली तरी जाईना. मी तिला दगड दाखवला, तर ती माझ्याकडं अशी बघायला लागली जशी पोरं खाऊ आणलेल्या मास्तराकडं बघतात. मी महादेवी अक्कांना म्हटलं, "ही गाय कामून अशी करायलीय?"

अक्का म्हणाल्या, "तिला तुमची पुंडी लई आवडती टीचर. मागच्या जिन्यानं रोज मिळती की."

चटावलेलं कोण होतं ते तेव्हा कळलं. गाय चांगली गुबगुबीत झाली होती. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मी एकटी इस्त्रीची साडी नेसून हिंडत होते.

मी ताट पाठवायचं बंद केलं. तिनं विचारलं नाही. फोनवरचं जेवण मात्र चालूच राहिलं, कारण ते काम होतं. छताकडं बघत मी घास चावायची आणि मनात तिला मोजून शिव्या द्यायची.

अशात आवाजाचं निघालं. दोघांची ताटं कॅमेऱ्यासमोर आली की ॲपनं एक शब्द बोलायचा आणि मग तोंडं दिसायची, असं तिनं ठरवलं होतं. शब्द एकच, कन्नडवाल्यांना आणि मराठीवाल्यांना मिळून. आणि तिनं शब्द काढला "ऊट". कन्नडमध्ये ऊट म्हणजे जेवण. आमच्या भागात सकाळपासून माणूस माणसाला "ऊटा आयता?" विचारतं, जेवण झालं का म्हणून. ॲपचं नावही तिनं तेच ठेवलं. आणि आवाज, म्हणाली, टीचरचा. झालं. मी घसा साफ करून, मधाचं बोट चाटून वर गेले. रेडिओवर बोलवणं आल्यासारखी.

वर गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. "अगं बये," मी म्हटलं, "मराठी माणूस ताटावर बसलंय आणि तू त्याला ऊठ म्हणायलीस."

"ऊट म्हणायले."

"फोनच्या भोंग्यातून ट आणि ठ एकच ऐकू येतंय."

तिनं कपाळाला हात लावला. "टीचर, किती सोपं हाय. तुमी ट म्हणा, ट म्हणू नका."

"कुठला म्हणू आणि कुठला नको म्हणू?"

"ट म्हणा की! ट कामून म्हणायलाव?"

असं आमचं बराच वेळ चाललं. तिच्या कानाला दोन्ही एकच होते, आणि चूक माझी आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेवटी मी तिला माझी गोष्ट सांगितली. मी सात-आठ वर्षांची असताना बापाबरोबर करजगीकडं एका मोठ्या घरच्या लग्नाला गेले होते. बाप लाकडं फोडायला होता. मी आपली शाळेतल्या मैत्रिणीशेजारी पंगतीत जाऊन बसले. पत्रावळीवर भात पडला. एका माणसानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ए, ऊठ." मी इतकी हुशार, की मला वाटलं कविता म्हणायला उठवायलेत. शाळेत असंच उठवायचे. मी उठले, हात बांधले आणि खणखणीत आवाजात कविता सुरू केली. हावभावासकट. पंगत हसायला लागली, तसा मला आणखी चेव आला. बाप धावत आला आणि मला उचलून घेऊन निघाला, तर शेवटचं कडवं मी त्याच्या खांद्यावरून मागं बघत म्हटलं.

सुवर्णा हसली नाही. म्हणाली, "पुढं?"

"पुढं काही न्हाई. ऊठ नको. 'बसा' म्हण. जेवायला बसा. साधं हाय."

"बसा नको." तिचा आवाज एकदम चढला. "बसा म्हटलं की कोण कुटं बसणार ते येतंय. कोण आदी, कोण मागनं. आमच्या गरात समद्यांना बसा म्हणत्यात, मला सोडून. तुमची ती गोष्ट तुमची टीचर. मला ऊटच पायजे."

ॲप तिचं होतं. मी ट म्हटला. चांगला कडक, जिभेला पीळ देऊन. मशीननं तो घेतला, आणि मी खाली उतरले.

जत्रेच्या दिवसांत तिनं एका मंगल कार्यालयात कार्यक्रम ठेवला. समोर सतरंज्यांवर आळंदची माणसं, प्रत्येकाच्या पुढ्यात घरून आणलेला डबा आणि उभा केलेला फोन. पलीकडं करजगीत तेवढीच माणसं आपापल्या ओसरीवर फोन घेऊन बसलेली. पहिल्या रांगेत खुर्चीवर शिवराजअण्णा, पांढराशुभ्र शर्ट, पायावर पाय. त्याच्यासाठी सुवर्णानं फोन एका मोठ्या भोंग्याला जोडला होता. मी मागं उभी होते. पुन्हा एकदा इस्त्रीची साडी, वर मोत्याची माळ. माणसानं किती वेळा शिकावं.

सुवर्णानं दोन शब्द सांगितले. माणसांनी डबे उघडले. पोळीचा, लसणाचा, तेलाचा वास सुटला. ताटं कॅमेऱ्यात आली. आणि भोंग्यातून, कार्यालयाच्या चारी भिंतींवर आपटून, माझाच आवाज आला:

"ऊठ!"

अर्धी माणसं उठली. हातात घास तसाच. ज्यांच्या कानात कन्नड बसलं होतं ती खाली मान घालून जेवायला लागली. ज्यांच्या कानात मराठी होतं ती उभी राहून एकमेकांकडं बघायला लागली. काही बसलेत आणि आपण तेवढे उभे, हे दिसलं तशी उभी राहिलेली माणसं कावली. एक म्हातारी म्हणाली, "आमालाच कामून उठवायलाव? ते काय वरनं पडल्यात?" बसलेल्यांतला एकजण म्हणाला, "ऊट म्हणजे ऊटा हो अज्जी, बसा, बसा." त्यावर म्हातारी म्हणाली, "आदी उठवायचं, मग बसवायचं? कुत्रं हाव काय आमी?" तेवढ्यात फोनमधून करजगीचा एक माणूस ओरडला, "जेवायला बसवून उठवायलाव व्हय? कोण हाय ती बाई?" आणि सगळ्या कार्यालयानं वळून माझ्याकडं बघितलं.

मला उठवलं होतं तेव्हा पंगत हसली होती. आता मीच पंगत उठवली, आणि हसला एकटा शिवराजअण्णा. खुर्चीत मागं रेलून, मांडीवर थाप मारून. "सुवर्णाव्वा," तो म्हणाला, "चांगलं केलीस. जेवायचं ॲप, पहिल्या गासाला माणसं उटली. बॅग बर."

तिनं वाकून भोंग्याची वायर काढली आणि मनगटाला गुंडाळत बसली.

संध्याकाळी ती बॅग घेऊन जिना उतरत होती. मी जिन्याखाली उभी. गायही उभी. मला वाटलं होतं ती रडेल, आणि मग मी मोठेपणा दाखवून दोन शब्द बोलेन. ती म्हणाली, "टीचर, तुमी ट म्हटलाव."

मग माझाही बांध फुटला. "व्हय, म्हटला, तू सांगितलास तोच. आणि तू काय केलीस? समद्या जगाला एका ताटावर बसवायला निघालीस, आणि माझं ताट गायीला? वेगळी कढई करायची मी तुझ्यासाठी, भवाने!"

ती एक पायरी खाली आली. मला वाटलं नाकारेल. म्हणेल, भूक नव्हती, पोट बरं नव्हतं. लोक असंच म्हणतात, आणि आपणही मान हलवतो. ही म्हणाली, "उतरत न्हाई टीचर. तुमच्या हातचं गशाकाली उतरत न्हाई. डोक्याला पटतंय, गशाला पटत न्हाई. लई वेळा गास तोंडात गेतला. फिरतंय नुसतं."

"आणि फोनवर माझ्यासोबत गपागप खायचीस ते?"

"काचंतून उतरतंय. म्हणून तर बनवायले मी हे."

"काचेला विटाळ न्हाई, असं व्हय?"

"व्हय," ती म्हणाली.

सरळ. डोळे वर करून. त्या एका 'व्हय'चा मला आजही राग आहे. इतक्या वर्षांत इतक्या जणांनी माझ्या घरचा चहा "आत्ताच झाला" म्हणून नाकारला. त्यांच्यातलं कुणी मला एवढं खरं उत्तर दिलं नाही. पण खरं दिलं म्हणून मी काय तिची आरती करू? मी म्हटलं, "जा, जा. गायीला सांगून जा." आणि ती खरंच गायीच्या कपाळावरनं हात फिरवून गेली.

ॲप माझ्या फोनमध्ये तसंच राहिलं. नात पुसायला निघाली होती, मी पुसू दिलं नाही. आपला आवाज आहे त्यात, एवढंच कारण सांगितलं. केसांचा कलप मी सोडला होता, पण पीळ थोडाच जातो. कधीमधी दुपारी मी ते उघडून बघायची. कुणी नसायचं. नुसतं चाक फिरायचं.

परवा पुंडीची भाजी केली होती. घरात कुणी नव्हतं. ताट वाढलं, फोन लोट्याला टेकवला आणि हिरवं बटण दाबलं. चाक फिरलं आणि थांबलं. पलीकडं एक ताट आलं. जर्मनचं, काठ चेपलेलं, त्यात दीड भाकरी आणि पातळ वरण. मग माझाच आवाज ओरडला, "ऊट!" आणि तोंड दिसलं.

ॲपवर आम्ही दोघीच उरलो होतो. जोडी लावायला दुसरं होतंच कोण?

"काय टीचर," सुवर्णा म्हणाली, "जिवंत हाव अजून?"

"तुझं वाटोळं बघितल्याशिवाय जाते का?" मी म्हटलं. "बसून खायलीस की आज."

"हितं उबं ऱ्हायला जागा न्हाई."

तिच्या मागं पडवी दिसत होती. कणग्या, चुलीच्या धुरानं काळ्या भिंती, खुंटीला टांगलेली जुनी पोती. कपाळावरचं विभूतीचं बोट घामानं ओघळलं होतं. तिनं पहिला घास घेतला. "मी मजेत हाय," ती म्हणाली. मी पुंडीत भाकरी बुडवली आणि मुद्दाम काचेजवळ नेऊन खाल्ली.

"गाय कशी हाय?"

"वाळली."

दुसऱ्या घासाला ती गप्प होती. मीही. चावायचा आवाज फोनमधूनच येत होता. छतातून आधी यायचा, त्याची मला सवय होती. उगीच वर बघितलं.

तिनं तिसरा घास मोडला, वरणात बुडवला, तोंडात घातला, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "टीचर..."

आतून शिवराजअण्णाची हाक आली. "सुवर्णाs, ऊट!"

त्या घरातही कुणाच्या तोंडात ठ नाही. त्याला जेवण वाढायला हवं होतं की हिला उठवायचं होतं, मला कळलं नाही. त्या घरात दोन्ही एकच.

"बस की गं भवाने, ताट व्हायचंय अजून," मी ओरडले. पण ती उठली होती. तोंडातला घास तसाच चावत, पदर खोचत. टाचा घासल्याचा आवाज लांब गेला. काचेत चेपलेलं ताट उरलं, त्यात एक अख्खी भाकरी आणि एक मोडलेला तुकडा.

पंगतीत शेवटचं पान होईपर्यंत कुणी उठायचं नसतं. मला तिची माया नव्हती, आजही नाही. पण रीत ती रीत. मी माझं जेवण संपवलं, आणि ताटात हात ठेवून तशीच बसून राहिले. वरण सुकलं, पुंडी सुकली, बोटं कडक झाली. नात शाळेतून आली आणि म्हणाली, "आजी, ऊठ की. कुणाची वाट बघायलीस?"

मी म्हटलं, "मला उठवायचं न्हाई."